काळं नखुरडं

जून उजाडला की नेदरलँड्समधली माणसं उन्हाकडे अशी धावतात, जशी आपल्याकडे वळवाच्या पहिल्या सरीत पोरं अंगणात धावतात. कालव्याच्या काठावर, ऑफिसच्या पायऱ्यांवर, ट्रामच्या थांब्यावर, जागा मिळेल तिथे तोंड वर करून आणि डोळे मिटून बसलेली असतात. आणि बिचाऱ्यांच्या मागे सरकार, शाळा, डॉक्टर सगळे एकच मंत्र घेऊन लागलेले असतात: वेरेन, क्लेरेन, स्मेरेन. म्हणजे ऊन टाळा, कपडे घाला, क्रीम फासा. २०२३ च्या उन्हाळ्यात तर कातवाइकसारख्या समुद्राकाठच्या गावात सनस्क्रीनची फुकट यंत्रं उभी राहिली, करोनात सॅनिटायझरची होती तशी. (डच माणसाला क्रीम लावायला शिकवायचं तर ते फुकट द्यावं लागणार, हे ज्याला सुचलं त्याला देशाची नाडी कळली म्हणायची.)

कारण गंभीर आहे. मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, ज्या देशांत सगळ्यात जास्त आढळतो त्या पहिल्या काही देशांत नेदरलँड्स आहे. पावणेदोन कोटींच्या या देशात दरवर्षी सात-आठ हजार नवे रुग्ण सापडतात. भारतात हे प्रमाण लाखामागे वर्षाला एकही भरत नाही.

आता आपली मंडळी. गणपतीत, संक्रांतीत, कुणाच्या तरी बाल्कनीतल्या बार्बेक्यूत हा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "आपल्याला काय, देवानंच सनस्क्रीन लावून पाठवलंय!" सगळे हसतात. मीही हसायचो. वाक्य अर्धं खरं आहे, आणि पूर्ण खोट्यापेक्षा अर्धं खरं वाक्य जास्त माणसं मारतं.

मजा अशी की हे वाक्य म्हणणारे आपणच मुलगी सावळी झाली तर पत्रिकेत 'गव्हाळ' लिहितो. त्या प्रसिद्ध क्रीमच्या कंपनीनं २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' केला, पण नळी तशीच खपते आहे. जन्मभर ज्या रंगाची लाज वाटली, तोच रंग कर्करोगाचं नाव निघालं की एकदम चिलखत होतो! हे चिलखत कुठे संपतं ते आज सांगायचं आहे. ते पायाच्या अंगठ्याशी संपतं.

हाताचे-पायाचे तळवे आणि नखाखालची जागा, इथे होणारा मेलानोमा वेगळ्या जातीचा असतो. १९७६ मध्ये रीड नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं त्याला स्वतंत्र ओळख दिली. तळपायाला ऊन लागत नाही, त्यामुळे याचा उन्हाशी संबंध फार थोडा. पेशींतला बिघाड तपासला तरी उन्हाच्या खुणा तिथे बहुधा कमीच सापडतात, गुणसूत्रांची मोडतोड मात्र भरपूर. ऊन हे कारणच नसेल तर उन्हापासून वाचवणारा रंग काय कामाचा? छत्री पावसात उपयोगी, भूकंपात नाही. अमेरिकेतल्या १९८६ ते २००५ च्या कर्करोग नोंदींवरचा एक मोठा अभ्यास २००९ मध्ये छापून आला. त्यात या जातीचं प्रमाण काळ्या आणि गोऱ्या अमेरिकनांत जवळपास सारखंच निघालं, दहा लाखांत वर्षाला दोनाच्याही आत. पण गोऱ्यांना उन्हाचे इतर मेलानोमा इतके होतात की त्यात हा हरवून जातो. काळ्यांच्या मेलानोमांपैकी ३६ टक्के मात्र हेच होते. भारतातही जे थोडे मेलानोमा सापडतात त्यांतला मोठा वाटा पायांचा असतो. म्हणजे आपल्याला मेलानोमा फारसा होत नाही हे खरं, पण झाला तर तो कुठे शोधायचा ते आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

माझ्या मामांना झाला.

२०१८ ची दिवाळी. मी सुट्टीवर गेलो होतो. मामांचं घर सातारा जिल्ह्यात, ओसरीवर झोपाळा. मामा झोपाळ्यावर पाय सोडून बसलेले, मी खाली सतरंजीवर चकल्या खात. माझ्या डोळ्यांच्या रेषेत त्यांचा उजवा अंगठा. नखाच्या मुळापासून टोकापर्यंत एक काळपट पट्टा, पेन्सिलीइतका रुंद.

"मामा, ठेच लागली का हो?"

"लागली असंल रं. चपलेत कुठं असतोय मी."

आणि विषय संपला. मी डेल्फ्टला डॉक्टरेट केलेला, प्रतिमांमधून दोष शोधायची यंत्रं बनवून पोट भरणारा माणूस. कारखान्यात पट्ट्यावरून धावणाऱ्या मालावरचा केसाएवढा ओरखडा माझं यंत्र पकडतं. आणि मी दीड हातावरून तो पट्टा पाहिला, प्रश्न विचारला आणि त्याच दमात उत्तरही स्वतःच देऊन टाकलं. ही चूक दुसऱ्या कुणाच्या खात्यावर टाकता येत नाही.

पुढची गोष्ट लवकर सांगतो, कारण ती आपल्याकडे कुणाचीही असू शकते. २०१९ भर बुरशीची गोळी आणि मलम. मध्ये नख सुजलं, पाणी यायला लागलं, तेव्हा घरचे म्हणाले नखुरडं आहे. मग हळद-तेल झालं, गावातल्या कुणीतरी बिब्बाही सुचवला. हाताच्या बोटाला नखुरडं झालं की लिंबाला भोक पाडून बोटात घालतात, पायाच्या अंगठ्याला लिंबू बसत नाही म्हणून ते तेवढं राहिलं. २०२० च्या सुरुवातीला तालुक्याच्या एका दवाखान्यात नख काढलं. काढलेलं नख बादलीत गेलं. तपासायला काही पाठवलं नाही, पाठवावं असं कुणी म्हटलंही नाही. मग लॉकडाऊन. जखम भरेना. अखेर ऑक्टोबरमध्ये पुण्यात तुकडा काढून तपासला तेव्हा जाडी चार मिलिमीटरच्या वर निघाली.

ही जाडी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळा खेळ तिचा आहे. ब्रेस्लो नावाच्या पॅथॉलॉजिस्टनं १९७० मध्ये दाखवून दिलं की मेलानोमा त्वचेत किती खोल उतरलाय ते मिलिमीटरमध्ये मोजलं की रुग्णाचं पुढे काय होणार याचा बराच अंदाज येतो. एक मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक माणसं कापून बरी होतात. चारच्या पुढे गेला की तो इतरत्र पोचलेला असण्याची भीती फार. मधले तीन मिलिमीटर म्हणजे मामांची बुरशीची गोळी, मलम, हळद आणि माझी ठेच.

अंगठा काढला. जांघेत गाठ आलीच. एका डोसाला लाखाच्या घरात जाणारी औषधं सुरू झाली, शेतीचा एक तुकडा गेला. २०२२ च्या फेब्रुवारीत मामा गेले. मी पोचलो तेव्हा दहावा होऊन गेला होता.

मामांचे रिपोर्ट मी इथल्या ओळखीच्या एका डॉक्टरांना दाखवले होते. त्यांनी शांतपणे वाचले आणि विचारलं, "हे नख पहिल्यांदा काढलं तेव्हाचा अहवाल कुठे आहे?" मी म्हटलं, नाही. ते पुढे काही बोलले नाहीत. डच माणूस तोंडावर वाटेल ते बोलतो अशी त्यांची ख्याती, त्यामुळे त्यांचं गप्प बसणं जास्त लागलं.

ठेचेचा हा घोळ नवा नाही. बॉब मार्ली आठवतोय? जमैकाचा गायक, हॉस्टेलच्या दर दुसऱ्या खोलीत ज्याचं पोस्टर असायचं. फुटबॉलचं वेड. पायाच्या अंगठ्याची जखम खेळताना झालेली म्हणून सोडून दिली गेली. १९७७ मध्ये कळलं की नखाखाली मेलानोमा आहे. अंगठा काढायचा सल्ला त्यानं मानला नाही, फक्त नखाखालचा भाग काढून वर त्वचा लावली. ११ मे १९८१ रोजी तो मायामीत गेला, वय ३६. जगातला बहुधा सगळ्यात प्रसिद्ध मेलानोमाचा रुग्ण काळा माणूस होता आणि त्याचा रोग पायाच्या नखाखाली होता. तरी चाळीस वर्षांनंतर सातारा जिल्ह्यात आणि हॉलंडमध्ये आपण म्हणतोय, देवानंच सनस्क्रीन लावून पाठवलंय.

आणि त्याहून जुना दाखला हवा असेल तर जोनाथन हचिन्सन. हा लंडनचा सर्जन. कुष्ठरोग खराब मासे खाल्ल्यानं होतो असं याचं ठाम मत, ते सिद्ध करायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हातारपणी भारतातही फिरून गेला. (मत साफ चुकीचं होतं, पण माणूस हट्टी.) मात्र याच हट्टी माणसानं १८८६ मध्ये एक गोष्ट अचूक पाहिली होती: नखाचा काळेपणा नखापुरता न राहता कडेच्या कातडीवर सांडलेला दिसला, तर तो साधा डाग नाही. त्यानं या दुखण्याला दिलेल्या नावाचं सरळ मराठी केलं तर होतं 'काळं नखुरडं'. म्हणजे नखुरडं समजून फसायची सोय आहे हे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पुस्तकात गेलेलं आहे. आमच्याकडे २०१९ मध्ये त्यावर हळद लावली.

आता इथल्या लोकांना मोकळं सोडतो असं समजू नका.

२०२३ मध्ये माझ्याच डाव्या अंगठ्याच्या नखावर एक तपकिरी रेघ दिसली. मामांनंतर मी दर महिन्याला नखं बघतो, बायको हसते. इथे कुठलंही दुखणं आधी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे नेमून दिलेल्या घरच्या डॉक्टरकडे न्यायचं आणि त्यानं चिठ्ठी दिली तरच तज्ज्ञाकडे. 'काहीही झालं तरी पॅरासिटामॉल देतात' ही या डॉक्टरांबद्दलची आपल्या लोकांची आवडती तक्रार. मला ती पूर्ण पटत नाही, उगाच अँटिबायोटिक न देणारा डॉक्टर मला आवडतो. असो. दहा मिनिटांची भेट. डॉक्टर भला माणूस, नख पाहिलं आणि हसून म्हणाला, "तुमच्या त्वचेच्या माणसांना त्वचेच्या कर्करोगाची काळजी करायचं कारण नाही."

निदान बहुधा बरोबरच होतं. गडद त्वचेच्या माणसांच्या नखांवर अशा रेघा निरुपद्रवी असतात आणि वय वाढेल तशा वाढतात, हे मलाही माहीत होतं. पण दिलेलं कारण? आमच्या गणिताच्या बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, उत्तर बरोबर, पायऱ्या चूक, मार्क शून्य. कारण याच पायऱ्यांनी मामांच्या अंगठ्याचं उत्तरही 'काळजी नको' असंच आलं असतं. मी चिठ्ठी मागितली. मागावी लागली, हा मुद्दा आहे. तज्ज्ञ बाईंनी भिंगातून पाहिलं, फोटो काढले, सहा महिन्यांनी पुन्हा काढले. रेघ होती तशीच होती. विषय संपला, पण यावेळी मोजून संपला.

त्या डॉक्टरनं पायऱ्या कुठून आणल्या ते मला ठाऊक आहे, कारण मी त्याच धंद्यात आहे. माणूस असो की यंत्र, जे दाखवाल तेच ओळखायला शिकतं. त्वचेच्या रोगांची पुस्तकं गोऱ्या कातडीच्या फोटोंनी भरलेली. त्वचेचे 'प्रकार' मोजायची जगभर वापरतात ती पट्टी हार्वर्डच्या फिट्झपॅट्रिकनं १९७५ मध्ये बनवली, तेव्हा तीत गोऱ्यांचेच चार प्रकार होते, तपकिरी आणि काळ्यांचे नंतर जोडले गेले. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी सव्वा लाखाहून जास्त फोटो दाखवून संगणकाला त्वचेचा कर्करोग ओळखायला शिकवला, आमच्या प्रयोगशाळेत आम्ही टाळ्या वाजवल्या. अशा संग्रहांत आपल्या रंगाचे फोटो किती, हा प्रश्न तेव्हा आमच्यापैकी कुणाला सुचला नाही. मलाही नाही, आणि खोलीत सावळा मी एकटाच होतो. करोनात बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र आठवा. काळ्या रुग्णांत ते धोकादायक घसरण गोऱ्यांपेक्षा जवळपास तिप्पट वेळा चुकवतं, हे २०२० मध्ये छापून आलं. बोटातून आरपार प्रकाश पाठवणारं यंत्र, आणि बोटाच्या रंगाचा हिशेब कच्चा!

आणि नेदरलँड्समध्ये हे सांगायला 'परदेशी पाहुणे' असण्याची गरज नाही. १८७३ मध्ये 'लाला रूख' जहाजातून हिंदुस्तानी मजूर सुरिनामला नेले, त्यांची पतवंडं आज द हेगमध्ये दुकानं चालवतात, डच पासपोर्टवर, डच विम्याचे हप्ते भरून. फुकट सनस्क्रीनच्या यंत्राशेजारी एक पायाच्या तळव्याचं चित्र लावायला किती खर्च येतो?

नखाभोवती दुसरा एक कर्करोग होतो, त्याबद्दल थोडक्यात. तो वरच्या कातडीच्या पेशींचा, सहसा हाताच्या बोटांना, दिसायला चामखिळीसारखा किंवा न भरणाऱ्या चिरेसारखा. त्यात बरेचदा एचपीव्ही १६ हा विषाणू सापडतो, तोच जो गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगामागे असतो. दुसरं जुनं कारण क्ष-किरण. १८९६ मध्ये मास्ट्रिख्टच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी आणि तिथल्या रुग्णालयाच्या संचालकांनी मिळून क्ष-किरण यंत्र जुळवलं होतं. २०११ मध्ये ते पुन्हा सुरू करून मोजलं, तर हाताच्या एका फोटोला कातडीवर आजच्या सुमारे दीड हजार पट किरणं पडत होती. त्या काळचे डॉक्टर यंत्र नीट चाललंय का ते स्वतःचा हात धरून बघत. पुढे अनेकांची बोटं गेली. एडिसनचा मदतनीस डॅली आधी हात आणि १९०४ मध्ये जीव गमावून बसला. उन्हाचा इथेही संबंध नाही. वर्षभर औषध लावून न जाणारी नखाशेजारची चामखीळ तपासायला पाठवावी, एवढंच.

"अहो, पण इतका दुर्मिळ रोग, कशाला लोकांना घाबरवताय?" असं म्हणणारे आहेत. मला घाबरवायचं नाही. हा रोग दुर्मिळ आहे आणि दहातल्या नऊ काळ्या नखांचं कारण खरोखर ठेच, बुरशी किंवा घट्ट बूट असेल. पण ठेच की रेघ हे ओळखायला डॉक्टरेट लागत नाही, शाळेतली पट्टी पुरते. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्यानं. रक्त साकळलं असेल तर डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागतं. आज पट्टी ठेवून फोटो काढा, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. डाग सरकला नाही, मुळापासून निघालेला पट्टा तसाच आहे किंवा रुंद होतोय, तीन मिलिमीटरच्या वर आहे, एकाच बोटाला आहे, त्यातही हाताचा किंवा पायाचा अंगठा, आणि माणूस पन्नाशीच्या पुढचा, तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा. काळेपणा कडेच्या कातडीवर सांडला असेल तर पट्टी-बिट्टी नको, त्याच आठवड्यात जा. शिवाय हा रोग कधी कधी काळा नसतोच, नुसतं नख चिरतं, ओलं राहतं, मांस वर येतं. न भरणारी जखम हेच तेव्हा लक्षण.

आणि डॉक्टर तुकडा काढू म्हणाले तर काढू द्या. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे आपल्याकडचं दुसरं अर्धवट शहाणपण, आणि ते सांगणाऱ्यांत शिकलेले लोक जास्त भेटले मला. तुकडा काढल्यानं पसरत नाही, न काढता घालवलेल्या महिन्यांत पसरतो. नुसतं नख कापून दिलं तर पुरत नाही, पट्टा जिथून उगवतो त्या मुळातला तुकडा लागतो. नख काढायचीच वेळ आली तर खालचं सगळं पॅथॉलॉजीला पाठवा असं तोंड उघडून सांगा. डॉक्टर रागावले तर रागावू देत. माझ्या मामांच्या घरच्यांना डॉक्टर रागावतील याची भीती वाटली होती.

मी डेल्फ्टमध्ये राहतो. आंतोनी फान लेवेनहुक या गावचा कापडाचा व्यापारी, कापडाचे धागे तपासायच्या भिंगापासून सुरुवात करून त्यानं सूक्ष्म जीव पाहिले. ऑफिसला जाताना ज्या जुन्या चर्चवरून माझी सायकल जाते, तिथेच तो पुरलेला आहे. त्याच्या नावाचं कर्करोगाचं रुग्णालय ॲमस्टरडॅमला आहे. तिथल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये रुग्णाच्याच गाठीतल्या लढाऊ पेशी काढून, वाढवून परत देण्याच्या उपचाराची चाचणी यशस्वी केली. २०२४ मध्ये त्यांच्याच पुढाकारानं झालेल्या चाचणीत, लसिकाग्रंथीत पोचलेल्या मेलानोमाला शस्त्रक्रियेआधीच प्रतिकारशक्तीची औषधं दिली. वर्षभरानंतर रोग न बळावलेले शंभरात सुमारे ८४ निघाले, जुन्या पद्धतीत ५७. वाचून आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण हे सगळं रोग पसरल्यानंतरचं, आणि लाखो रुपयांचं. त्या चर्चवरून जाताना मला दर वेळी वाटतं, लेवेनहुकच्या हाती होतं तसलं एक भिंग २०१८ मध्ये सातारा जिल्ह्यात पुरलं असतं.

मामींना मी आता दर महिन्याच्या एक तारखेला पायांचा फोटो पाठवायला सांगितलंय, दोन्ही पाय, शेजारी नातीची कंपासातली पट्टी. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "अरे, माझ्या पायांचे कसले फोटो घेतोस, पाया पड आपला." गेल्या महिन्याचा फोटो वेळेवर आला, पट्टी सरळ, उजेड चांगला. फक्त दहाही नखांना नातीनं लाल नेलपॉलिश लावलं होतं. पुसून पुन्हा पाठवा म्हटलंय.